शेतात उभं राहिलेलं जंक्शन: व्हर्नी जंक्शनची गोष्ट

लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे म्हणजे 1863 मध्ये जगात पहिल्यांदा जमिनीखालून गाडी चालवणारी कंपनी. पण या कंपनीचं शेवटचं टोक एकेकाळी बेकर स्ट्रीटपासून जवळपास 80 किलोमीटर लांब, बकिंगहॅमशायरच्या शेतांमध्ये होतं, व्हर्नी जंक्शनला, हे कळलं तेव्हा मी नकाशा उघडून बसलो आणि तास कसा गेला कळलंच नाही.

गंमत म्हणजे इथे फाटा आधी आला आणि स्टेशन नंतर. 1850-51 मध्ये ब्लेचलीकडून आलेली लाईन इथे दुभंगून एक बॅनबरीला आणि एक ऑक्सफर्डला गेली, पण गाडी थांबायला स्टेशन नव्हतंच. 1868 मध्ये दक्षिणेकडून एल्सबरीची लाईन येऊन मिळाली तेव्हा कुठे स्टेशन झालं. आता नाव काय द्यायचं, आसपास धड गावच नाही! मग तिथले जमीनदार सर हॅरी व्हर्नी यांचंच नाव दिलं (फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या बहिणीचे हे यजमान).

नेटवर्कच्या गणितात एखाद्या बिंदूला किती रेषा जोडल्यात त्या आकड्याला त्याची डिग्री म्हणतात. व्हर्नीची डिग्री चार. दोन असेल तर तो बिंदू फक्त वाटेतला थांबा असतो, तीन किंवा जास्त झाली की तिथे निवड करावी लागते, म्हणजे सांधे आले, सिग्नल आले, गाडी बदलणारी माणसं आली, आणि एका गाडीला उशीर झाला की दुसरीचं वेळापत्रकही कोलमडणार हे पण आलं. गाव असो नसो, हे सगळं रूळ कुठे मिळतात त्यावर ठरतं.

1891 मध्ये मेट्रोपॉलिटनने एल्सबरीची लाईन घेतली. त्यांचे चेअरमन एडवर्ड वॉटकिन यांचं स्वप्न तर इंग्लिश खाडीखालून बोगदा काढून मँचेस्टरची गाडी थेट पॅरिसला न्यायचं होतं. 1910 पासून पुलमनचे आलिशान डबे जोडलेल्या गाड्यासुद्धा धावायला लागल्या. पण खरा घाव मला वाटतं 1899 मध्येच बसला होता, कारण उत्तरेकडून लंडनला येणारी ग्रेट सेंट्रल रेल्वे कंपनीची नवी मेन लाईन व्हर्नीच्या अलीकडे, क्वेन्टन रोडजवळच येऊन मिळाली आणि व्हर्नी बाजूलाच राहिलं, लांबची वाहतूक कधी इकडे वळलीच नाही.

नंतर एकेक रेषा पुसली गेली. 1933 मध्ये मेट्रोपॉलिटन लंडनच्या सरकारी वाहतूक मंडळात गेली, आणि तीनच वर्षांत, 1936 ला, एल्सबरीकडची प्रवासी गाडी बंद, डिग्री तीन. 1964 ला बकिंगहॅमकडची (बॅनबरीच्या लाईनवरची) बंद, डिग्री दोन, म्हणजे पाटीवर जंक्शन लिहिलेलं असलं तरी प्रवाशाला तिथे निवडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. 1 जानेवारी 1968 पासून स्टेशनच बंद.

आता ऑक्सफर्ड-ब्लेचली मार्ग ईस्ट वेस्ट रेल या प्रकल्पासाठी नव्याने बांधलाय, रूळ याच जागेवरून जातात. नवं स्टेशन मात्र शेजारच्या विन्स्लोला झालंय, तिथे गाव आहे ना.