पार्श्वभूमी : कॉलेजचा खेळाडू एनबीएत चालेल का?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथल्या पोर्टलंड संघाच्या डॉक्टरांनी 1984 साली सॅम बोवी या कॉलेजच्या खेळाडूची तपासणी केली, तेव्हा त्याच्या डाव्या नडगीवर लहानशी हातोडी ठोकून पाहिली. दुखतंय का? बोवी म्हणाला, काही जाणवत नाही. खरं तर दुखत होतं. हे त्यानंच पुढे बऱ्याच वर्षांनी एका माहितीपटात कबूल केलं. केंटकी विद्यापीठाकडून खेळत असताना याच पायानं त्याचे दोन अख्खे मोसम खाल्ले होते. तरी पोर्टलंडनं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकल जॉर्डन शिकागोच्या पदरात पडला.

हा किस्सा इतक्यांदा सांगून झालाय की पोर्टलंडवाले मूर्ख होते एवढंच त्यातून उरतं. ते तितके मूर्ख नव्हते. जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांनी आदल्याच वर्षी घेतला होता. उणीव होती ती उंच सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूची. शिकागोचे व्यवस्थापक रॉड थॉर्न यांनीही निवडीनंतर पत्रकारांकडे हळहळ व्यक्त केली, ती जॉर्डन सात फुटी नाही म्हणून! शिवाय नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या शिस्तीत चेंडू सगळ्यांमध्ये फिरायचा. तीन मोसमांत जॉर्डनची सरासरी निघाली सामन्याला 17.7 गुण. एनबीएच्या पहिल्याच मोसमात ती 28.2 झाली. मुलगा तोच, फक्त कॉलेजच्या आकड्यांत तो मावला नव्हता.

कॉलेजमध्ये पोरगा काय करतो हे पाहणं सोपं. त्यातलं त्याच्यासोबत पुढे काय जाईल, हे ओळखणं अवघड. आणि ते ओळखायला पारख करणाऱ्याला किती वर्षं मिळतात, हे प्रत्येक काळात बदलत गेलं. ड्राफ्टचा इतिहास मला तरी याच अंगानं वाचावासा वाटतो.

पहिला ड्राफ्ट 1947 सालचा, लीगला एनबीए हे नावही मिळालं नव्हतं तेव्हाचा. मालकांना तेव्हा तिकिटं खपण्याची चिंता जास्त. म्हणून ‘टेरिटोरियल’ निवडीची सोय होती : पहिल्या फेरीवर पाणी सोडा आणि आपल्या परिसरातला गाजलेला मुलगा थेट घ्या. विल्ट चेंबरलेन कॅन्सस विद्यापीठात शिकला, पण फिलाडेल्फियानं 1959 मध्ये त्याच्या शाळेचं गाव दाखवून त्याच्यावर हक्क सांगितला, आणि तो चाललाही. ही सोय 1965 पर्यंत टिकली.

पारख तेव्हा ओळखीपाळखीवर चाले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलनं 1955 आणि 1956 अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती, तरी त्याच्या नेमबाजीबद्दल शंका होत्या. बॉस्टनचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांना त्याच्याबद्दल सांगितलं ते त्यांचे स्वतःचे कॉलेजचे प्रशिक्षक बिल राइनहार्ट यांनी. पहिली निवड रॉचेस्टरची होती. त्यांनी सिहुगो ग्रीनला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर सेंट लुइसनं रसेलला घेऊन एड मकॉली आणि क्लिफ हेगन यांच्या बदल्यात बॉस्टनला दिलं. तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं! रसेलचा खरा हात होता समोरच्याचा फटका अडवण्यात, आणि एनबीएनं ‘ब्लॉक’ अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती 1973-74 च्या मोसमात. तोवर तो निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. जे मोजत नाहीत त्याला कागदावर किंमत नसते.

पुढच्या पिढीत हे काम मार्टी ब्लेक यांच्यासारख्या फिरस्त्यांनी केलं. कुणी नावही न ऐकलेल्या कॉलेजांमध्ये जायचं, फोन करायचे, वह्या भरायच्या. सेंट्रल आर्कन्सॉसमधला स्कॉटी पिपेन त्यांच्याच नजरेत भरला. कॉलेजात आला तेव्हा सहा फुटांच्या थोडा वर असलेला हा मुलगा शिकता शिकता आणखी अर्धा फूट वाढला होता. चार वर्षं हाताशी असली की असं वाढणंही दिसतं. पिपेनला 1987 मध्ये पाचव्या क्रमांकावर सिएटलनं घेतलं आणि लगेच शिकागोकडे धाडलं.

ही चार वर्षं मुळात नियमानंच मिळालेली. शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही, असा दंडक होता. स्पेन्सर हेवुड या खेळाडूनं तो कोर्टात खेचला आणि 1971 साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. दार हळूहळू उघडत गेलं. केव्हिन गार्नेट 1995 मध्ये शाळेतून थेट आला, 2001 मध्ये तर क्वामी ब्राउन हा शाळकरी मुलगा पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्या क्रमांकाला साजेसा कधी खेळला नाही. मग लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2005 च्या करारात वयाची अट आली : एकोणीस वर्षं आणि शाळेनंतर किमान एक वर्ष. म्हणजे कॉलेजचा जेमतेम एक मोसम.

त्या एका मोसमात काय कळणार? टेक्सस विद्यापीठाकडून केव्हिन ड्युरँट 35 सामने खेळला, सरासरी 25.8 गुण आणि 11.1 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). तरी 2007 च्या चाचणीत तो 185 पौंडांची, म्हणजे साधारण 84 किलोंची पट्टी एकदाही उचलू शकला नाही याचीच चर्चा झाली. पहिली निवड होती पोर्टलंडची (हो, तेच). त्यांनी पुन्हा सेंटर घेतला, ग्रेग ओडन. गुडघ्यांनी त्याला एनबीएत एकूण 105 सामने खेळू दिले. दुखापतीचा दोष पारख करणाऱ्याच्या माथी किती मारायचा, हा वादाचा मुद्दा आहे. वजनाच्या पट्टीचा मात्र मारायलाच हवा.

त्यात दोन्हीकडचा खेळ एक नाही. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा, एनबीएचा 48. एनबीएत 24 सेकंदांचं घड्याळ 1954 पासून, तेवढ्यात बास्केटकडे फटका मारायलाच हवा. कॉलेजात पुरुषांच्या खेळाला घड्याळच आलं 1985 मध्ये, तेही 45 सेकंदांचं. तीन गुणांची रेषा (तिच्यापलीकडून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) कॉलेजात 1986 ला सरसकट आली ती 19 फूट 9 इंचांवर. 2019 पासून ती 22 फुटांच्या जराशी पलीकडे गेलीय. एनबीएची समोरची रेषा 23 फूट 9 इंचांवर आहे. म्हणून विश्लेषक आता कॉलेजमधल्या तीन गुणांच्या टक्केवारीवर एकटा भरवसा ठेवत नाहीत, फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची, टक्केवारीही बघतात. तिथे बचावपटू नाही, अंतर ठरलेलं. हाताची मूळ सफाई तिथे उघडी पडते.

दोन मुलं शेजारी ठेवून पाहा. गोंझागा विद्यापीठाचा ॲडम मॉरिसन 2005-06 मध्ये देशात सर्वाधिक गुण काढणारा खेळाडू होता, सरासरी 28.1. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजचा स्टीफन करी 2008-09 मध्ये तसाच अव्वल, 28.6. मॉरिसन तिसऱ्या क्रमांकावर गेला, करी सातव्या. करी किरकोळ अंगाचा, नक्की कुठल्या जागेवर खेळवायचा हेच कळेना. पण त्याचा फटका लांबून आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुटायचा. अशा फटक्याला शरीराच्या धक्काबुक्कीशी फारसं देणंघेणं नसतं. मॉरिसनला गुण मिळायचे अंगावर माणूस घेऊन. एनबीएत ती माणसं अधिक लांब हातांची आणि चपळ निघाली. पहिल्या मोसमात त्याचे 38 टक्केही फटके पडले नाहीत, मग गुडघाही गेला.

आपल्याकडचा एक धागाही या गोष्टीत आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 मध्ये सॅक्रमेंटो किंग्जचे मालक झाले. संगणक-उद्योगातला माणूस, 2014 च्या ड्राफ्टसाठी त्यांच्या संघानं बाहेरच्या हौशी विश्लेषकांनाही सल्ल्याला बोलावलं. निवड झाली मिशिगनच्या निक स्टाउस्कसची, आणि एकाच मोसमानंतर तो दुसरीकडे रवाना झाला. माझ्या मते आकडे चुकले म्हणण्यापेक्षा मुलाला रुळायला वेळ मिळाला नाही हे जास्त खरं. उलट उदाहरण कवाय लेनर्डचं. सॅन डिएगो स्टेटमध्ये त्याची तीन गुणांची नेमबाजी बेताचीच होती. 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवड झाल्यावर तो सॅन अँटोनियोला पोचला आणि तिथे चिप एंगेलंड या नेमबाजीच्या प्रशिक्षकानं त्याचा फटकाच सुधारून घेतला. दुसऱ्या एखाद्या गावी हाच मुलगा काय झाला असता, सांगता येत नाही.

आता वारं पुन्हा फिरलंय. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, कॉलेज बदलणंही सोपं झालंय. दुसऱ्या फेरीत जाण्याची भीती असलेली मुलं कॉलेजातच थांबतात. पाहायला पुन्हा तीन-चार वर्षं मिळू लागली, पण बावीस-तेवीस वर्षांच्या दादानं अठरा वर्षांच्या पोरांसमोर काढलेले गुण किती खरे धरायचे, हा नवा पेच उभा राहिला.

या बाबतीत 2018 चा ड्राफ्ट आठवतो. रणदिव्यांच्या संघानं दुसऱ्या क्रमांकावर ड्यूक विद्यापीठातून एकच मोसम खेळून आलेला मार्विन बॅगली घेतला. त्याच संध्याकाळी व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन, तीन वर्षं कॉलेजात काढलेला, दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेला, वडीलही एनबीएत खेळलेले, बत्तीस नावं पुकारून होईपर्यंत बसून राहिला. जेमतेम सहा फूट दोन इंचांचा, आणि आणखी वाढणार तरी किती, अशी शंका. तेहतिसावा म्हणून डॅलसनं त्याला घेतलं. आज न्यूयॉर्क निक्सचा संघ त्याच्याभोवती उभा आहे.