मारहाण फक्त गरिबाघरी होते?

‘बायकोला मारणं हे गरीब, अडाणी घरांतच चालतं, शिकलेल्या, कमावत्या बाईवर कोणी हात उगारत नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

हा समज का पटतो, ते आधी पाहू. पैशाची ओढाताण, बेकारी आणि दारू यांनी धोका वाढतो, हे खरंच आहे. पण धोका वाढणं वेगळं आणि तो तिथेच असणं वेगळं. शिवाय दाटीच्या वस्तीत भांडण शेजाऱ्यांना ऐकू जातं. बंद फ्लॅटमधलं जात नाही. तिथली बाई खासगी डॉक्टरकडे जाते, ‘पडले’ म्हणून सांगते. म्हणजे आपल्याला दिसतं ते सगळं नसतं.

पडताळायचं असेल तर घरोघरी स्त्रियांशी एकांतात बोलून केलेल्या पाहण्यांचे तक्ते उघडा. त्यांत बहुधा घरातल्या मालमत्तेनुसार कुटुंबांचे ५ गट असतात. सर्वांत श्रीमंत गटाची ओळ वाचा: आकडा बहुतेकदा कमी असतो, पण शून्य नसतो. शिक्षणाच्या ओळीतही तेच.

आणि कमाई? ती अनेकींना बाहेर पडायचं बळ देते. पण नवऱ्याला ती आपल्या अधिकाराला आव्हान वाटली, तर काही घरांत मार वाढतोही. बालपणी आईला मार खाताना पाहिलेल्या मुलांमध्ये पुढे हात उगारण्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि अशी बालपणं प्रत्येक आर्थिक थरात असतात.

म्हणूनच एखादी सुशिक्षित मैत्रीण सांगू लागली, तर ‘तुमच्यासारख्या घरात?’ असं कृपया विचारू नका. त्या एका प्रश्नानं ती पुन्हा गप्प होते.