लघवीतले कॅल्शियम : एक आकडा आणि त्यामागचे चोवीस तास

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की मुतखड्याच्या तक्रारी वाढतात. अशाच तक्रारीनंतर केलेल्या तपासणीचा कागद शेजारच्या गृहस्थांनी परवा मला दाखवला. एका वेळच्या लघवीत दर डेसिलिटरला ३२ मिलिग्रॅम कॅल्शियम निघाले होते आणि तेवढ्यावरून त्यांनी दूध बंद केले होते.

त्या आकड्यावरून दिवसभरात किती कॅल्शियम बाहेर गेले, हे कळत नाही. घामावाटे पाणी गेले की लघवी कमी आणि दाट होते. दिवसाची लघवी ८०० मिलिलिटर असेल आणि दाटपणा दिवसभर तोच राहिला, तर एकूण कॅल्शियम २५६ मिलिग्रॅम भरते. तेवढेच कॅल्शियम दोन लिटर लघवीत गेले असते तर आकडा १३च्या आत आला असता. खडा धरण्याच्या दृष्टीने दाटपणाला महत्त्व आहेच, पण उत्सर्जन मोजायचे तर चोवीस तासांची लघवी लागते. त्यात स्त्रियांमध्ये सुमारे २५० आणि पुरुषांमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात.

ही मर्यादा ओलांडायला फार काही घडावे लागत नाही, आणि त्याचे कारण मूत्रपिंडाच्या कामाच्या पद्धतीत आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यासोबत जवळजवळ १०,००० मिलिग्रॅम कॅल्शियम नलिकांमध्ये उतरते. त्यातले ९८ टक्के परत रक्तात घेतले गेले तर लघवीत २०० मिलिग्रॅम उरते, ९७ टक्के घेतले गेले तर ३००! परत घेण्यात एका टक्क्याची घट झाली की लघवीतला आकडा दीडपट होतो. या परतीच्या प्रवासाचा मोठा भाग नलिकेच्या पहिल्या टप्प्यात होतो आणि तिथे कॅल्शियम सोडियम व पाण्याच्या मागोमाग जाते. आहारात मीठ वाढले की या टप्प्यात सोडियम कमी शोषले जाते, त्यामुळे कॅल्शियमही नलिकेतच राहते. अंतिम बारकावा पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक पुढच्या टप्प्यात सांभाळते, परंतु तिथे उरलेल्या थोड्याच कॅल्शियमवर काम होते. दिवसाला सहा ग्रॅम मीठ जास्त गेले तर साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त बाहेर पडते. शेंगाचटणी, लोणचे आणि पापड यांच्यासह भाकरी जेवणाऱ्या माणसाच्या अहवालात हे मीठही मोजले गेलेले असते. कामावर लघवी साठवायचा कॅन नेता येत नाही म्हणून पुष्कळजण सुटीच्या दिवशी लघवी गोळा करतात. त्या दिवशी मटणाचा बेत असेल तर मांसातील प्रथिनांमुळेही कॅल्शियम वाढते.

गोळा करण्यातल्या चुका वेगळ्याच. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची पहिली लघवी धरायची, हे नीट सांगितले गेले नाही तर हिशेब बिघडतो. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजावे. ते स्नायूंतून दिवसाला बरेचसे ठरावीक प्रमाणात निघते : तरुण पुरुषात वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाच्या नमुन्यात ते ७०० मिलिग्रॅमच भरले, तर बरीच लघवी कॅनबाहेर गेली असे समजावे. एका वेळच्या नमुन्यातही कॅल्शियमला क्रिएटिनिनने भागून अंदाज बांधतात. तो प्राथमिक चाळणीपुरता उपयोगाचा आहे.

लघवी काही वेळ ठेवल्यावर पांढुरकी दिसली की ‘धातू जातो’ असे सांगून महागडी चूर्णे विकणारे लोक आजही भेटतात. बहुतेक वेळा तो थंड झालेल्या लघवीत बसलेला फॉस्फेटचा साका असतो. तपासणीचे नुकसानही हाच साका करतो, कारण कॅल्शियम कॅनच्या तळाशी चिकटते आणि आकडा खोटा कमी येतो. हे टाळण्यासाठी काही प्रयोगशाळा कॅनमध्ये आम्ल घालून देतात. ते ओतून टाकू नये आणि थेट त्या कॅनमध्ये लघवीही करू नये, दुसऱ्या भांड्यात धरून मग ओतावी.

शेजाऱ्यांना मी डॉक्टरांना विचारून दूध पुन्हा सुरू करायला सुचवले आहे. आतड्यातले कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झॅलेटला, म्हणजे लघवीत कॅल्शियमशी जुळून खडा बनवणाऱ्या घटकाला, बांधून ठेवते. ते कमी झाले तर ऑक्झॅलेट जास्त शोषले जाते आणि खड्याचा धोका वाढतो. शिवाय नेहमीचा आहार बदलून लघवी गोळा केली, तर येणारा आकडा त्या बदललेल्या आहाराचा असतो. आता ते नेहमीसारखे जेवून दोन वेगवेगळ्या दिवशी चोवीस तासांची लघवी देणार आहेत, त्यातला एक दिवस कामाचा.