डिस्लेक्सिया फक्त इंग्रजी शाळेत होतो?

जळगाव-धुळ्याकडे हा समज जुना आहे: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून मराठी शाळेतल्या पोराला डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) होत नाही. वाचता येत नसेल तर तो आळशी, नाहीतर घरी अहिराणी बोलतात म्हणून.

हे खरं नाही. डिस्लेक्सियात अडचण असते ती अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात. ती कुठल्याही लिपीत येते. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ मराठीत नाही, हे मान्य. पण ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, उच्चार मात्र ‘क’नंतर होतो, आणि ‘सूर्य’मधला र शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. अशा जागी ही मुलं अडखळतात. काही मुलं अचूक वाचतात, पण इतकी हळू की ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. त्याला आपण आळस म्हणतो, आणि मूलही स्वतःला ढ समजू लागतं. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

अहिराणीचा तर यात काहीच दोष नाही. घरची बोली तोडू नका. मुलाला गोष्ट सांगता येते, समजते, हीच त्याची ताकद आहे. प्रमाण मराठी नवी असलेलं मूल नीट शिकवल्यावर सहसा पुढे जातं. तसं शिकवूनही अक्षरं जुळत नसतील, तर तपासणी करून घ्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक ही तरतूद याच कायद्यात आहे, मराठी माध्यमालाही.