चिप मनातलं वाचत नाय बे!

परवा सात रस्त्याला चहा पिताना परत तेच, मेंदूत चिप बसवली की मनातलं सगळं कॉम्प्युटरला कळतंय म्हणं. नाय बे! २००४ ला अमेरिकेत ब्रेनगेट नावाच्या मेंदूतल्या चिपच्या ट्रायलमध्ये मानेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला शेंगदाण्याहून लहान, ४ मिलिमीटरची चौकोनी चिप बसवली, तिला शंभरेक बारीक सुया, आणि बसवली कुठं तर मेंदूत हात हलवायची ऑर्डर जिथनं निघते तिथंच. "हात उजवीकडं न्यायचाय" असं त्यानं मनात आणलं की तिथल्या कुठल्या पेशी किती वेळा सिग्नल सोडतात ते सॉफ्टवेअर मोजतं, आधी सराव करून घेतलेला असतो त्यावरनं ओळखतं आणि कर्सर तिकडं सरकवतं. बायकोपासनं काय लपवलंय ते त्यात कुठनं येणार! उलट सिग्नल दिवसागणिक बदलतो म्हणून सेटिंग सारखं नव्यानं करत बसावं लागतं.