मोबाईल डेटावरून व्हीपीएन : बिघाड आणि उकल

सिमकार्डच्या नेटवरून, मग तो फोनचा हॉटस्पॉट असो, डोंगल असो की सिमवाला राउटर, ऑफिसच्या नेटवर्कला व्हीपीएन (इंटरनेटमधून ऑफिसपर्यंत जाणारा एन्क्रिप्टेड खाजगी बोगदा) लावताना येणारे बिघाड आणि ते शोधायची पद्धत. ठाणे-नवी मुंबईत हा विषय ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या आयटी आणि बीपीओ ऑफिसांमुळे घराघरात शिरला. बीपीओवाल्यांना घरून काम करायचं तर आधी दूरसंचार विभागाच्या अटी असायच्या, व्हीपीएन परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेला हवा ही त्यातलीच एक, ती मार्च २०२० मध्ये सैल केली आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नियमांनी बऱ्याचशा अटी गेल्याच. मधे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईची लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टर नसलेल्या घरांतले राउटर बंद, हाताशी उरला तो फोनचाच नेट.

व्हीपीएनची सुरुवात नक्की कुठली यावर एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी १९९६ च्या आसपासचं, मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने झालेलं पीपीटीपी हे तंत्र पहिलं म्हणून सांगतात (त्याचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राचा जाहीर दस्तऐवज, क्रमांक २६३७, जुलै १९९९ चा). पण जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ यांचं स्वाइप हे तंत्र १९९३ चं आहे, पाकीट (नेटवरून जाणारा डेटाचा एक तुकडा) एन्क्रिप्ट करून दुसऱ्या पाकिटात घालायची कल्पना त्यात स्पष्ट दिसते आणि पुढे आयपीसेक या व्हीपीएन तंत्रात तीच येते, त्यामुळे आजच्या व्हीपीएनचं मूळ तिकडे धरणं जास्त पटतं. टेलिफोन कंपन्यांच्या १९८० च्या दशकातल्या खाजगी नेटवर्क सेवाही काहीजण यात मोजतात, पण तिथे एन्क्रिप्शनचा मुद्दाच नव्हता. हा वाद इथे घ्यायचं कारण असं की पीपीटीपी, आयपीसेक या रचना प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) आहे असं धरून चालतात, आणि मोबाईल नेटवर नेमकं तेच नसतं. पीपीटीपीचा डेटा जीआरई नावाच्या वेष्टनातून जातो, आयपीसेकचा ईएसपी नावाच्या, आणि या दोघांना नेहमीच्या टीसीपी-यूडीपी पाकिटांसारखे पोर्टच (पाकीट कुठल्या कनेक्शनचं ते सांगणारे नंबर) नाहीत.

मोबाईल ऑपरेटर हजारो ग्राहकांना मोजक्या पब्लिक आयपीमागे बसवतो, याला सीजीनॅट म्हणतात. फोनच्या सेटिंगमध्ये आयपी बघा, १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात (हा दुसरा पट्टा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने खास यासाठीच राखून ठेवला). नॅट (एक पब्लिक आयपी अनेकांत वाटणारी ही यंत्रणा) कोणाचं पाकीट कोणाला द्यायचं हे पोर्टवरून ओळखतो, पोर्ट नसलेलं पाकीट आलं की त्याचं अडतं. म्हणून जानेवारी २००५ मध्ये ईएसपी यूडीपीच्या ४५०० पोर्टमध्ये गुंडाळायची सोय ठरली, सर्व्हरवर ती बंद असेल तर घरच्या फायबरवर चालणारा व्हीपीएन सिमवर चालेलच असं नाही. पीपीटीपीचं तर बोलायलाच नको, आयफोनने ते २०१६ मध्ये आयओएस १० मधून काढलं आणि अँड्रॉइड १२ पासून नवीन प्रोफाइलही बनवता येत नाही.

आता सगळ्यात फसवा बिघाड. व्हीपीएन कनेक्टेड दाखवतो, पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारं छोटं पाकीट) जातं, चॅटचा मेसेजही जातो, पण मेल उघडत नाही आणि इंट्रानेटचं पान अर्धं येऊन फिरत बसतं. लोक रेंजला शिव्या घालतात. बहुतेक वेळा हा पाकिटाच्या आकाराचा, म्हणजे एमटीयूचा (रस्त्यावरून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या पाकिटाचा आकार) प्रश्न असतो. इथरनेटचा एमटीयू १५०० बाइट, पण ऑपरेटरच्या आतल्या नेटवर्कमध्ये तुमचं पाकीट जीटीपी नावाच्या आणखी एका बोगद्यातून जातं आणि त्यात साधारण ३६ बाइट जातात, शिवाय नेट फक्त आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, असेल (जिओचा भर सप्टेंबर २०१६ पासूनच त्यावर आहे, बाकीचेही आलेत) तर जुन्या आयपीव्ही४ सर्व्हरकडे जाणारं पाकीट फोनमध्येच भाषांतरित होतं आणि हेडर (पाकिटावरचा पत्त्याचा भाग) २० चा ४० बाइट होतो. वायरगार्ड हे नवं व्हीपीएन तंत्र सहसा १४२० चा एमटीयू धरतं, तो १५०० मधून ८० वजा करून आलेला, म्हणजे खालचा रस्ता पूर्ण १५०० चा आहे असं गृहीत धरून. रस्ता अरुंद निघाला की पाकिटाचे तुकडे होतात नाहीतर ते गुपचूप पडतं, आणि 'मोठं आहे, लहान पाठव' हा निरोपही वाटेतला फायरवॉल अडवतो. तपासायला व्हीपीएन बंद ठेवून तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग मारायचं, १४७२ पासून खाली येत जायचं, जिथे जायला लागेल त्यात हेडरचे २८ मिळवा, तोच तुमचा एमटीयू. तेवढा वेळ नसेल तर बोगद्याचा एमटीयू सरळ १२८० करून बघा. त्याखाली नेऊ नका, आत आयपीव्ही६ चालणार नाही.

दहा मिनिटं काही केलं नाही की व्हीपीएन मरतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. नॅटमधली यूडीपीची नोंद किमान दोन मिनिटं ठेवावी असं आरएफसी ४७८७ सांगतो, प्रत्यक्षात ती कधीकधी त्याआधीच पुसली जाते. उपाय म्हणजे कीपअलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला ठराविक वेळाने जाणारं छोटं पाकीट), आयपीसेकमध्ये तो मुळातच २० सेकंदांचा असतो, वायरगार्डमध्ये २५ स्वतः टाकावा लागतो. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ दे. ठाण्याहून वाशी लोकलमध्ये टॉवर बदलतो म्हणून व्हीपीएन तुटतो हा समज मात्र अर्धाच खरा, कारण टॉवर बदलला तरी आयपी ऑपरेटरच्या गेटवेवर बांधलेला असतो आणि सहसा तोच राहतो. वायफायवरून डेटावर उडी मारली तर आयपी खरंच बदलतो, तिथे मोबाइक (आयपी बदलला तरी जोडणी टिकवणारी सोय) असलेला आयकेईव्ही२, म्हणजे आयपीसेकचीच जोडणीची पद्धत, किंवा वायरगार्ड टिकतो.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी एक गोष्ट : फोनवर व्हीपीएन लावला म्हणून लॅपटॉप त्यातून जात नाही, सहसा लॅपटॉपवर वेगळा लावावा लागतो. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० चे आयपी वाटतो, ऑफिसचं नेटवर्कही त्याच पट्ट्यात असेल तर कनेक्ट होऊनही काही सापडणार नाही.

घरी सिमवाला राउटर ठेवून त्यामागेच व्हीपीएन सर्व्हर चालवणं सीजीनॅटमुळे आयपीव्ही४ वर जमत नाही. कायद्याचं म्हणाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातला ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा नियम विकत मिळणाऱ्या व्हीपीएन सेवांना आहे, ऑफिसच्या अंतर्गत व्हीपीएनला नाही.

आयटीकडे तिकीट टाकताना 'व्हीपीएन चालत नाही' एवढंच लिहिलं तर ते रीस्टार्ट करायला सांगून बंद करतात. कोणतं सिम, फोनने दाखवलेला आयपी, बाहेर दिसणारा आयपी, आयपीव्ही४ की ६, आणि मिनिटासकट वेळ द्या. एकाच पब्लिक आयपीमागे असंख्य लोक असल्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये तुमची नोंद पोर्ट आणि वेळ जुळवूनच सापडते.