जीन थेरपी आणि स्टेम सेल: दोन्ही एकच नाहीत

परवा मित्राने एक जाहिरात फॉरवर्ड केली, ‘शुगरमुळे आलेली कमजोरी स्टेम सेल जीन थेरपीने कायमची बरी’ (कमजोरी म्हणजे लिंगाला ताठरता न येणं), आणि खाली विचारलंय, खरंय का रे हे. बारा वर्षं शुगर आहे त्याला. एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी भेळेसारख्या कालवल्यात, आणि ‘कायमची’ तर दोन्हींतही बसत नाही.

आधी शुगर काय करते ते बघा. लिंगातला स्नायू एरवी आवळलेला असतो, तो सैल पडला की रक्त भरतं आणि ताठरता येते (बऱ्याच जणांना उलटंच वाटतं). सैल पडायचा निरोप नायट्रिक ऑक्साइड आणतं, ते नसांमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतं, शुगरने नेमकं तेच दोन्ही खराब होतं. सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी निरोप टिकवते, तयार करत नाही, म्हणून शुगरवाल्यांना ती बऱ्याचदा कमी पडते.

जीन थेरपीत बाहेरून पेशी येत नाही, आपल्याच पेशीला जीनची चिठ्ठी मिळते की अमुक प्रोटीन जास्त बनव. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजच्या अर्नोल्ड मेलमन आणि जॉर्ज क्राइस्ट यांनी मॅक्सी-के या पोटॅशियम चॅनेलचा (पेशीवरचं पोटॅशियमचं दार) जीन निवडला, म्हणजे निरोपाची भानगडच मागे टाकून थेट स्नायूलाच धरलं, चॅनेल उघडला की पोटॅशियम बाहेर जातं, स्नायू आवळणाऱ्या कॅल्शियमची आत यायची वाट बंद होते आणि स्नायू सैल पडतो. आधी उंदरांवर झालं, मग 2006 मध्ये माणसांवरचा पहिला रिपोर्ट आला: 11 पुरुष, एकेकच इंजेक्शन, 24 आठवडे लक्ष. गंभीर त्रास कुणाला नाही, मोठ्या डोसवाल्या दोघांना टिकून राहणारा फरक. पण प्लासिबो गट (ज्यांना औषध नसलेलं खोटं इंजेक्शन देतात) नव्हता, आणि या विषयात मनाचा खेळ किती असतो ते सांगायला नको.

स्टेम सेलमध्ये पेशीच टोचतात, इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी. आपल्याला वाटतं शेतात नांग्या भरतात तशा मेलेल्या पेशींच्या जागी नव्या रुजतील, पण त्या बहुतेक टिकत नाहीत, जाताजाता जी द्रव्यं सोडतात ती खतासारखी आजूबाजूच्या पेशींना लागतात, असं सध्या मानतात. 2010 मध्ये कोरियात 7 डायबेटिक पुरुषांना नाळेच्या रक्तातल्या पेशी टोचल्या. तीन महिन्यांत एक सोडून सगळ्यांना सकाळची ताठरता परत आली, पण संबंधाला पुरेशी नाही, गोळी जोडल्यावर दोघांचं जमलं. सात माणसांवरून कुणी दुकान उघडतं का? उघडतात!

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरलेले आजार सोडले तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच (माणसांवरची चाचणी), आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जाहिरातीत मात्र ईएमआयची सोय होती.

मित्राला म्हटलं, तू हार्टसाठी सॉर्बिट्रेट घेतोस ना, मग सिल्डेनाफिलची गोळीही मनाने घेऊ नकोस, दोन्ही मिळून बीपी धाडकन पडतं. तर म्हणे, अरे पण हार्टच्या डॉक्टरला हे कसं सांगू. म्हटलं त्यालाच आधी सांग, लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्यापेक्षा बारीक, तुंबतात आधी.